एलियाहू, एलीया, इलियास : नाव एकच का?

प्रश्न असा आहे : बेने इस्रायली (कोकणातले मराठी बोलणारे यहुदी) घरातल्या मलिद्याच्या विधीला 'एलियाहू हन्नबी' असं ऐकलं, मराठी बायबलात 'एलीया' वाचलं, आणि 'इलियास' तर आपल्या ओळखीचंच. ही एकाच नावाची रूपं का, आणि अर्थ काय?

हो, नाव एकच. मूळ हिब्रू 'एलियाहू'. 'एल' म्हणजे देव, 'एली' म्हणजे माझा देव, आणि 'याहू' हे इस्रायलच्या देवाच्या चार अक्षरी नावाचं आखूड रूप. ते पूर्ण नाव यहुदी उच्चारत नाहीत, पण माणसांच्या नावांत त्याचा तुकडा बिनधास्त वावरतो : यशयाहू, यिर्मयाहू, नेतन्याहू. (नेतन्याहू म्हणजे 'याहूने दिला', आपला देवदत्तच म्हणा ना.) तर एलियाहू म्हणजे 'याहू माझा देव'. हिब्रूत अशा वाक्याला 'आहे' लागत नाही. मराठीतही 'राम माझा सखा' म्हटलं की भागतं.

हे नाव ज्याचं, त्या संदेष्ट्याच्या गोष्टीचा सगळा वादच मुळी नावात आहे. इसवी सनापूर्वी नवव्या शतकात उत्तरेकडच्या इस्रायलवर अहाब राज्य करत होता. राणी ईजबेल सीदोनची, तिच्या बापाचं नाव एथबाल, म्हणजे त्यात बाल हा कनानी देव बसलेला. दुष्काळ पडलेला असताना कर्मेल डोंगरावर खरा देव कोणता हे ठरवायला एलियाहू एकटा बालाच्या 450 संदेष्ट्यांसमोर उभा राहतो आणि शेवटी लोक ओरडतात, 'परमेश्वर (म्हणजे याहू) हाच देव!' म्हणजे त्याचं नावच जवळजवळ. मला गंमत वाटते ती अहाबाची. बालभक्त म्हणून बदनाम, पण पोरांची नावं काय? अहज्याहू आणि यहोराम. दोन्हींत याहू आहेच ('यहो' हे त्याचंच रूप)! राजाने बालाची वेदी बांधली, तरी घरातलं दैवत काही सोडलं नव्हतं, असं मला यावरून दिसतं.

कथेप्रमाणे एलियाहूला मरण आलं नाही. अग्निरथ आला आणि तो वावटळीतून वर गेला. म्हणून तो परत येणार. वल्हांडणाच्या जेवणात त्याच्यासाठी प्याला भरून दार उघडतात, सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची मांडतात. कोकणातल्या बेने इस्रायलींची श्रद्धा अशी की तो अलिबागजवळच्या खंडाळ्याला (बोरघाटातलं ते नव्हे) येऊन गेला. तिथल्या कातळावरच्या खुणा त्याच्या रथाच्या मानतात. नवस फेडायचा असो की लग्नकार्य, पोहे, गूळ आणि ओल्या खोबऱ्याचा मलिदा त्याच्या नावाने होतो. 'हन्नबी'तला 'ह' हा हिब्रूतला 'तो अमुक' दाखवणारा उपपद, आणि 'नबी' अरबीमुळे आपल्याला माहीत आहेच.

बाकी रूपांचं सोपं आहे. हिब्रूतच 'एलिया' असं आखूड रूप होतं, मराठी बायबलातलं 'एलीया' तेच. ग्रीकात शेवटी 'स' लागून 'एलियास' झालं, कुराणातला 'इलियास' त्याच वळणाचा, रशियन 'इल्या'ही त्यातलाच. इंग्रजीने 'य'चा 'ज' करून 'इलायजा' केलं. मराठीत लिहिताना तो इंग्रजी उच्चार कशाला घ्यायचा? बेने इस्रायलींबद्दल लिहिताना 'एलियाहू', बायबलाबद्दल 'एलीया' लिहावं. आणि 'अलीशा'शी गल्लत करू नये : तो एलीयाचा शिष्य, त्याच्या नावाचा अर्थ 'माझा देव तारण'.