कथेतल्या पात्रांनी बोलीत बोलावं का?

तुम्ही विचारलंय, संवादात बोली किती वापरावी आणि वाचकाला कळली नाही तर काय करायचं. किती, हे नंतर बघा. आपलं पात्र कुणासमोर कसं बोलतं, ते आधी ठरवा.

एका दिवाळी अंकासाठी मी कथा लिहिली होती. नायिका अमरावतीकडची, शिकलेली, लग्न होऊन पुण्यात आलेली. सासरी जपून, पुस्तकी बोलते. भावाचा फोन आला की मात्र, "काय रे दादा, तुहा आवाज असा काऊन येऊन राहिला?" फोन ठेवला की पुन्हा, "आई, चहा ठेवू का?" शेवटी वडील गेल्याचं कळतं आणि भरल्या घरात ती सासूला म्हणते, "मले जाऊ द्या." सासरच्या माणसाशी ती पहिल्यांदाच वऱ्हाडीत बोलते. तिच्या दुःखाबद्दल मी वेगळं काहीच लिहिलं नव्हतं. गरजच नव्हती.

अंकात नायिकेचं सगळं बोलणं प्रमाण करून छापलं. "मला जाऊ द्या." वाचक अडखळतो म्हणे! त्याच कथेतल्या वॉचमनची वऱ्हाडी जशीच्या तशी ठेवली, कारण तिच्यावर हसता येतं. म्हणजे बोली गड्यामाणसाने बोलावी, तीही विनोदापुरती, आणि शिकलेल्या बाईने रडायचं ते प्रमाण मराठीत. मला हे तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. वॉचमनचं कळतं, तर नायिकेचं का कळणार नाही?

प्रत्येक उच्चार कागदावर उतरवायच्या नादी लागू नका. 'ला'च्या जागी 'ले', 'माहा-तुहा', 'करून राहिला' एवढं सातत्याने आलं तरी वऱ्हाडी माणूस ऐकू येतो. वाक्यागणिक 'बे' चिकटवून येत नाही. कोल्हापूरकडच्या बायका 'मी जातो', 'मी आलो' म्हणतात. मुद्रितशोधक ते चूक समजून 'जाते', 'आले' करणारच, म्हणून समासात 'असंच ठेवावं' असं लिहून द्या. आणि संपादकांशी भांडायची वेळ आली तर भांडा, छापून आल्यावर काही करता येत नाही.

अर्थात, जी बोली कानावरून गेलेली नाही ती लिहू नये. अकोल्याकडची आणि नागपूरकडचीही एक नव्हे. निवेदनसुद्धा बोलीत असावं का, हे वेगळं प्रकरण आहे, त्यात आता शिरत नाही. संवाद लिहून झाले की त्या भागातल्या कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. वाचताना तो आपसूक शब्द बदलेल त्या जागा खुणा करून ठेवा आणि परत लिहा.