मारहाण डोळ्यांनी पाहिली आहे. साक्ष दिली तर कायदा मला संरक्षण देईल का?

तुमचा प्रश्न मी असा समजले: रात्रीच्या वाळूउपशाविरुद्ध तहसीलदारांकडे अर्ज करणाऱ्या तुमच्या चुलतभावाला चौघांनी रस्त्यात गाठून मारलं, त्याचा हात मोडला. तुम्ही ते पाहिलंत. आता घरी निरोप येताहेत की जबाब देऊ नका. बोलणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे कायदा आहे का, असं तुम्ही विचारलंय.

आहे. पण मागितल्याशिवाय तो तुमच्या दारी येत नाही, आणि तोंडी मागून तर मुळीच येत नाही. मी वकील नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते आणि एका मारहाणीच्या खटल्यात साक्षीदार म्हणून सहा वर्षं तारखांना गेले. त्या सहा वर्षांत जे शिकले आणि नंतर जे मुद्दाम समजून घेतलं, ते सांगते.

आधी एक गैरसमज दूर करते. 'तक्रार करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा 2014 मध्येच झालाय' असं कुणीतरी तुम्हाला सांगेल. तो झाला हे खरं. 2002 मध्ये सत्येंद्र दुबे या अभियंत्याने राष्ट्रीय महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला पत्राने कळवला होता. नाव गुप्त ठेवा, अशी विनंतीही केली होती. नाव फुटलं आणि 2003 मध्ये त्यांची गया शहरात गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर 2004 मध्ये केंद्र सरकारने एक ठराव काढला. त्यानुसार केंद्रीय कर्मचाऱ्यांविरुद्धची तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद पाकिटात देता येते आणि तक्रारदाराचं नाव उघड केलं जात नाही. कायदा संसदेत संमत व्हायला त्यापुढे दहा वर्षं गेली. 9 मे 2014 ला राष्ट्रपतींची सही झाली, पण तो अमलात आणणारी अधिसूचना काही निघाली नाही. कायदा पुस्तकात आहे, पण तुमच्या तहसीलदारांसमोर त्याचं कलम दाखवून काही उपयोग नाही. मला याचा अजूनही संताप येतो.

कारण त्याची किंमत आपल्याच भागात मोजली गेलीय. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहिती अधिकारात कागद काढून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगतच्या जमिनींचे गैरव्यवहार बाहेर आणत होते. जिवाला धोका आहे म्हणून त्यांनी पोलीस संरक्षण मागितलं होतं. 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला बाहेर पडले असताना त्यांना भर रस्त्यात मारलं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तपास सीबीआयकडे गेला. 2014 मध्ये तपास बंद करायचा अहवाल आला, 2015 मध्ये तो पुन्हा उघडला आणि 2018 मध्ये पुन्हा बंदचा अहवाल. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. संरक्षणाचा अर्ज दिला की काम संपलं, असं समजू नका, त्या अर्जाचा पाठपुरावा करा, एवढ्यासाठी लिहितेय.

आता तुमच्या कामाचं. तुम्ही तक्रारदार नाही, साक्षीदार आहात. त्यामुळे तुमच्यासाठी वेगळा आणि चालू असलेला रस्ता आहे. आसाराम बापू प्रकरणातल्या साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे जीव गेले. त्यातून सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली आणि 5 डिसेंबर 2018 ला न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. संसद किंवा राज्यं कायदा करेपर्यंत हीच योजना कायदा समजायची, असं त्या निकालात आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 398 ने अशी योजना करणं राज्यांवर बंधनकारक केलंय.

अर्ज पोलीस ठाण्यात द्यायचा नसतो, हे बहुतेकांना माहीत नसतं. प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी समिती असते. अध्यक्ष जिल्हा व सत्र न्यायाधीश, सदस्य जिल्ह्याचे पोलीस प्रमुख, आणि सदस्य सचिव जिल्ह्याच्या सरकारी अभियोग विभागाचे प्रमुख. अर्ज या सदस्य सचिवांकडे जातो. मग उपअधीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी धोक्याचा अहवाल करतो, त्याला पाच कामकाजाचे दिवस. अहवाल आल्यावर पुढच्या पाच दिवसांत निर्णय. तातडी असेल तर मधल्या काळासाठीही संरक्षण देता येतं. घराभोवती पोलिसांची गस्त, कोर्टात जाता-येता सोबत, घराला कॅमेरे, फोन नंबर बदलून देणं, बंद दाराआड साक्ष, आरोपीची आणि तुमची समोरासमोर गाठ पडू न देणं, असे उपाय त्यात आहेत. आदेश एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचा, म्हणून मुदत संपायच्या आत वाढवून मागावा लागतो. ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पण इथे एक मेख आहे. ही योजना सगळ्या गुन्ह्यांना लागू नाही. फाशी, जन्मठेप किंवा कमाल शिक्षा सात वर्षं वा त्याहून जास्त असलेले गुन्हे, शिवाय विनयभंगासारखे काही गुन्हे, एवढ्यांनाच. म्हणजे तुमचं संरक्षण भावाच्या एफआयआरमध्ये कोणतं कलम लागलंय यावर अवलंबून आहे. साधी दुखापत लिहिली असेल तर शिक्षा एक वर्षापर्यंत, मग योजना नाही. दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत हाड मोडणं ही गंभीर दुखापत आहे (कलम 116). तिला कलम 117(2) लागतं, शिक्षा सात वर्षांपर्यंत. हत्याराने केली असेल तर 118(2), जन्मठेपेपर्यंत. म्हणून हात मोडल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र तपास अधिकाऱ्याकडे पोहोचलं का आणि त्यानुसार कलम वाढवलं का, हे आधी बघा. एफआयआरची प्रत भावाला फुकट मिळते. ती हातात घ्या आणि कलमं स्वतः वाचा.

एफआयआर न करता नुसती अदखलपात्र नोंद करून परत पाठवलं असेल, तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने लेखी कळवा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. नागरिक सुरक्षा संहितेची 173(4) आणि 175(3) ही कलमं भावाच्या वकिलाला तोंडपाठ असतील.

माझ्या वेळी ही योजना नव्हती. रेशनच्या काळ्याबाजाराची तक्रार केली म्हणून आमच्या शेजाऱ्याला मारलं होतं. माझ्या घरीही 'मॅडम, मुलगी कॉलेजला एकटीच जाते ना?' असा निरोप आला. मी ठाण्यात गेले तेव्हा तिथले साहेब म्हणाले, कशाला या भानगडीत पडता. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या तीन सहकाऱ्यांना बरोबर घेऊन गेले. निरोप कुणी आणला, किती वाजता, कोणत्या शब्दांत, हे सगळं एका पानावर लिहून दोन प्रती नेल्या. हवालदारांनी दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का मारला, आवक क्रमांक आणि तारीख टाकली. निळ्या शाईचा तो शिक्का अजून माझ्या फाइलमध्ये आहे. त्यानंतर निरोप आला नाही. शिक्क्यामुळे की चौघी गेलो म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

आम्ही पाच साक्षीदार होतो. दोघे फितूर झाले. त्यांतला एक तारखेला व्हरांड्यातल्या बाकावर माझ्या शेजारीच बसलेला असायचा, आणि समोरच्या बाकावर आरोपी, चार हातांच्या अंतरावर. आत बोलावल्यावर तो 'मला काही दिसलं नाही' म्हणाला. मी त्याला कधी दोष दिला नाही. त्याच्याबरोबर कुणीच आलेलं नव्हतं.

भावाच्या हक्कांचंही थोडक्यात सांगते, कारण पीडिताला फक्त फिर्याद देणारा समजलं जातं. तपास कुठवर आला हे 90 दिवसांत त्याला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. आरोपी सुटले किंवा सौम्य कलमावर शिक्षा झाली, तर सरकार अपील करो न करो, तो स्वतः करू शकतो. नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. मोफत वकिलाची चौकशीही तिथेच करा, 15100 या क्रमांकावर.

तुम्हाला जे निरोप येताहेत तेही आजच लिहून काढा. साक्षीदाराला खोटी साक्ष द्यायला धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम 232. फोनवर आला असेल तर नंबर आणि वेळ, माणूस आला असेल तर घरात तेव्हा कोण कोण होतं. आणि ठाण्यात किंवा कोर्टात जाताना एकटे जाऊ नका. भावाचा पहिला एक्स-रे, प्लास्टर घालण्याआधीचा, कुणाकडे आहे ते आज रात्रीच विचारा आणि त्याच्या दोन प्रती करून एक तुमच्याकडे ठेवा.