ऑटोफॅजी: स्वभक्षण, आत्मभक्षण की पुनश्चक्रण?

एका वाचकाने विचारलं आहे: मज्जातंतू आणि स्नायूंच्या आजारांवरचा एक लेख मी मराठीत आणतो आहे. वनस्पतींमधली काही संयुगं ‘ऑटोफॅजी’, म्हणजे पेशीने आपलाच झिजलेला माल फोडून पुन्हा वापरणं, वाढवतात आणि त्याचा या आजारांत उपयोग होऊ शकेल, असा लेखाचा विषय आहे. ऑटोफॅजीसाठी स्वभक्षण, आत्मभक्षण, पुनर्चक्रण असे तीन शब्द सापडले. कोणता घ्यावा?

स्वभक्षण घ्या. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही स्वतःला खाणं असाच आहे. बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्तियान द दूव यांनी 1963 मध्ये तो घडवला. मराठीत ‘भक्षण’ या कुटुंबातले शब्द आधीपासून रुळलेले आहेत. जंतू गिळणाऱ्या त्या भक्षक पेशी, जिवाणूंवर जगणारा तो जिवाणुभक्षी विषाणू. स्वभक्षण या पंगतीत सहज बसतं.

आत्मभक्षण व्याकरणाने चुकीचं नाही, पण टाळावं. ‘आत्म’ लागला की मराठी कानाला आत्मघात, आत्महत्या, आत्मनाश आठवतात. त्यात लयकारिकांना (लायसोसोम, पेशीतला टाकाऊ माल पचवणाऱ्या पिशव्या) ‘आत्मघाती पिशव्या’ म्हणायची सवय शाळेपासूनच लागलेली असते. त्यामुळे आत्मभक्षण वाचणाऱ्याला वाटतं, पेशी स्वतःला संपवते आहे. घडतं ते नेमकं उलट. झिजलेली तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग) किंवा चुकीच्या घडीची प्रथिनं यांच्याभोवती दुहेरी पटलाची पुटिका, म्हणजे इवलीशी पिशवी, तयार होते, ती लयकारिकेला जाऊन मिळते, तिथली विकरं (एन्झाइम) आतला माल फोडतात आणि सुटे झालेले अमिनो आम्लांसारखे घटक पेशी पुन्हा वापरते. पेशी यावर जगते. पेशीच्या नियोजित मृत्यूची यंत्रणा वेगळी आहे आणि या दोन गोष्टी वाचकाच्या मनात एक होता कामा नयेत.

आता पुनर्चक्रण. अर्थाने हा शब्द जवळचा आहे, कारण फोडलेल्या मालाचा पुनर्वापर त्यात येतो. पण तो ‘पुनश्चक्रण’ असा लिहायला हवा. ‘पुनर्’मधला र् स्वरापुढे आणि मृदू व्यंजनापुढे टिकतो, म्हणून पुनरावृत्ती, पुनर्जन्म, पुनर्वापर. पुढे च आला की त्याचा श् होतो. आपण ‘पुनश्च हरिॐ’ म्हणतो, ‘पुनर्च’ कधी म्हणत नाही. पुनर्चक्रण आता इतकं पसरलं आहे की ते मागे घेता येईल असं मला वाटत नाही, पण नव्याने लिहिताना शुद्ध रूप हाताशी असताना अशुद्ध का घ्यावं? लेखात दोन्ही शब्दांना जागा आहे: विशिष्ट प्रक्रियेला स्वभक्षण म्हणा आणि तिचं फलित सांगताना पुनश्चक्रण.

नामापेक्षा मला तुमच्या क्रियापदाची जास्त काळजी वाटते. ‘अमुक संयुग स्वभक्षण वाढवतं’ हे वाक्य अशा लेखांत वारंवार येतं आणि ते बऱ्याचदा अपुरं असतं. प्रयोगशाळेत पुष्कळदा मोजल्या जातात त्या पुटिका. पेशीत पुटिका जास्त दिसल्या तर त्याची कारणं दोन असू शकतात: त्या जास्त तयार होत आहेत, किंवा लयकारिकेपर्यंत पोचत नसल्याने साचत आहेत. रस्त्यावर गाड्या जास्त दिसल्या म्हणजे वाहतूक जोरात आहे असं म्हणता येत नाही, पुढे कोंडीही असू शकते. सुरुवातीपासून पचनापर्यंत किती माल पार पडतो याला शास्त्रज्ञांनी वेगळी संज्ञा ठेवली आहे, ‘ऑटोफॅजिक फ्लक्स’. तिच्यासाठी मी ‘स्वभक्षणाचा ओघ’ सुचवेन. ‘प्रवाह’ चालेल, पण वीज आणि रक्त यांनी तो आधीच अडवून ठेवला आहे.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते एक वनस्पतिजन्य संयुगच दाखवतं. कॉल्चिसिन कळलावीत असतं आणि संधिवाताच्या एका प्रकारात, गाउटमध्ये, औषध म्हणून दिलं जातं. ते पेशीतल्या सूक्ष्मनलिका, म्हणजे आतली वाहतूक ज्यांवरून चालते त्या बारीक नळ्या, मोडतं. पुटिका याच नलिकांवरून लयकारिकेकडे जातात, त्यामुळे त्या वाटेत अडकतात. मूत्रपिंडं नीट काम करत नसलेल्या रुग्णांत हे औषध साचलं, तर खांदे आणि मांड्यांचे स्नायू दुबळे पडतात, सोबत मज्जातंतूंनाही इजा होते आणि स्नायूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तंतूंमध्ये रिक्तिका, म्हणजे पोकळ्या, भरलेल्या दिसतात. या विकाराचं सविस्तर वर्णन 1987 मध्ये झालं. इथे पुटिका वाढलेल्या आहेत, ओघ मात्र तुंबलेला आहे. ‘वनस्पतीतलं आहे आणि पुटिका वाढवतं’ एवढ्यावर कोणी त्याला गुणकारी म्हटलं असतं, तर रुग्णाचं नुकसान झालं असतं.

म्हणून क्रियापद टप्प्याप्रमाणे निवडा: स्वभक्षण सुरू करतं, ओघ वाढवतं, पचन अडवतं. आणि कुठे दिसलं तेही त्याच वाक्यात येऊ द्या. ‘हळदीतलं कर्क्युमिन स्वभक्षण वाढवून पार्किन्सन बरा करतं’ असं न लिहिता ‘प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये कर्क्युमिनने स्वभक्षण सुरू झालेलं दिसलं’ असं लिहा. आतड्यातून रक्तात फारच थोडं कर्क्युमिन पोचतं, त्यामुळे ही दोन वाक्यं एकमेकांपासून फार लांब आहेत. आजारी माणूस आणि त्याच्या घरचे असं लेखन आशेने वाचतात. त्यांच्यासाठी क्रियापद तोलून वापरायलाच हवं.

‘वनस्पतिजन्य’ लिहिताना ति ऱ्हस्व ठेवा. शब्द चांगला आहे, पण सरसकट लावू नका. रेझ्वेराट्रॉल द्राक्षाच्या सालीत असतं, क्वेर्सेटिन कांद्यात, त्यांना तो शोभतो. यूरोलिथिन-ए हे झिजलेल्या तंतुकणिकांचं स्वभक्षण सुरू करतं म्हणून अशा लेखांत हमखास येतं, पण ते आपल्या आतड्यातले जिवाणू डाळिंबातल्या एलाजिटॅनिनपासून बनवतात. त्याला ‘डाळिंबातलं संयुग’ म्हटलं की वाचक चुकीच्या ठिकाणी शोधतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायलाच हवं अशी एक जागा उरली: स्नायू. हिंदी किंवा बंगाली मजकूर समोर ठेवून काम करत असाल तर इथे घात होतो. बंगालीत स्नायु म्हणजे मज्जातंतू, हिंदीतही तो अर्थ चालतो. हिंदीतली ‘स्नायु कोशिका’ ही आपली चेतापेशी (मज्जासंस्थेतली पेशी), आणि तिथली ‘मांसपेशी’ हा आपला स्नायू. सुश्रुतसंहितेत 900 स्नायू आणि 500 पेशी मोजल्या आहेत. तिथे पेशी म्हणजे मांसाचे स्नायू आणि स्नायू म्हणजे त्यांना बांधणारे चिवट बंध. संस्कृत ‘स्नावन्’ आणि ग्रीक ‘न्यूरॉन’ हे एकाच मुळाचे, आणि त्या ग्रीक शब्दाचाही आधीचा अर्थ कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा चिवट बंध, हाच होता. एका बंधाच्या नावाने एका भाषेत मज्जातंतूचा रस्ता धरला, मराठीत स्नायूचा.

तुमच्या लेखात ही सरमिसळ विशेष जाचेल, कारण दोन्ही पेशी त्यात शेजारी शेजारी येतात. दोघींचं दुखणंही सारखं आहे: प्रौढ चेतापेशी आणि स्नायुतंतू विभागत नाहीत, त्यामुळे विभाजनातून कचरा वाटून टाकायची सोय त्यांना नाही. 2006 मध्ये उंदरांच्या फक्त चेतासंस्थेतलं स्वभक्षण, त्यासाठी लागणारं जनुक काढून, थांबवलं, तर चेतापेशींत प्रथिनांचे गोळे साचले आणि हालचाली बिघडल्या. पॉम्पे आजारात लयकारिकेतलं ग्लायकोजेन फोडणारं विकर कमी पडतं आणि स्नायुतंतू न पचलेल्या मालाने भरून जातात. पहिल्या ठिकाणी ‘चेतापेशी’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘स्नायुतंतू’ असंच शेवटपर्यंत लिहा. दोन्ही एकत्र येतील तिथे ‘चेता-स्नायू विकार’ म्हणा, मधली जोडरेघ न गाळता.