पहिलं पुस्तक आलंय ना, मग आता लोकांपर्यंत न्यायचं कसं?

भाऊ, आधी अभिनंदन. पण पुस्तक छापलं म्हंजे काम संपलं असं समजू नकोस, खरं काम आता सुरू झालं बघ.

मी पहिल्या वेळी हजार प्रती छापल्या, निम्म्या घरातच राह्यल्या, कारण मला वाटलं प्रकाशक विकतील. ते विकत नसतात रे, म्हणून तू पाचशेच्या आतच थांब, संपल्या की पुन्हा छापता येतात.

आयएसबीएन, म्हंजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घेतलायस का? आपल्याकडं तो फुकट मिळतो, कुणी पैसे मागितले तर देऊ नको.

आणि फेसबुकवर रोज कव्हर टाकत बसू नको, लोक वैतागतात. त्यापेक्षा एखादा उतारा टाक, आपल्या बोलीतला, शेताबांधावरचा, तो वाचून माणूस स्वतःहून विचारतो 'पुस्तक कुठं मिळंल' म्हणून, मग त्याला लगेच नंबर दे, यूपीआयचा क्यूआर पाठव आणि दुसऱ्याच दिवशी पोस्टात टाक, उशीर केला की माणूस हातचा जातो.

गावोगावच्या वाचनालयांना विसरू नको, सरकारनं अ ब क ड असे वर्ग दिलेली ग्रंथालयं तालुक्या-तालुक्यात आहेत, ग्रंथपालाला फोन नाही तर प्रत्यक्ष भेट, सोबत एक प्रत ने. कॉलेजातल्या मराठीच्या सरांना पण भेट, पोरं वाचतात, मी स्वतः बघितलंय. मराठवाडा साहित्य परिषदेच्या 'प्रतिष्ठान' ह्या नियतकालिकाकडं परीक्षणासाठी प्रती पाठव.

२०२२ ला उदगीरला साहित्य संमेलन झालं तेव्हा पुस्तकांच्या गाळ्यांवरची गर्दी बघून मला लई बरं वाटलं होतं. वाचणारी माणसं आहेत रे आपल्याकडं. सगळ्यांना फुकट मात्र वाटू नको, पाहुण्यारावळ्यांना सुद्धा.