कोर्स तिला, सोय कुणाची?

प्रश्न : मी एसटीत वाहक आहे, दोन वर्षांत निवृत्त होईन. आम्ही कराड तालुक्यात राहतो. मुलगा 28 वर्षांचा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. चालता येत नाही, बोलणं अस्पष्ट. मुक्त विद्यापीठातून बीए झाला, आता दिवसभर मोबाइल. मुलगी 19 वर्षांची, बीएच्या दुसऱ्या वर्षाला. बारावी सायन्सला 68 टक्के होते, पण दादाकडे कोण बघणार म्हणून नीटची परीक्षा दिली नाही. पत्नीचे गुडघे गेलेत, त्यामुळे त्याला उचलणं, आंघोळ, जेवण सगळं मुलगीच करते. बहीणच आहे, कसली लाज! तिला केअरगिव्हरचा, म्हणजे काळजीवाहकाचा कोर्स लावावा म्हणतो. सर्टिफिकेट मिळेल, घरातच करिअर होईल आणि आमच्यामागे मुलाची चिंता राहणार नाही. शेवटी तो आमच्यासाठी बाळच आहे. कोणता कोर्स चांगला?
ता. क. मॅडम, जपानला केअरगिव्हर लागतात हे खरं आहे का?

उत्तर : नमस्कार. ता. क. तुमच्या नावाच्या खाली आहे आणि तो तुम्ही लिहिलेला नसावा. पत्र मुलीने टाइप केलं असणार. तिला शेवटी उत्तर देते, आधी तुमच्याशी बोलते.

ड्युटी, साप्ताहिक सुट्टी, रजा, पीएफ यातलं एसटीतल्या माणसाला मी काय सांगावं? मुलीसाठी तुम्ही जे ठरवलंय त्यात यातलं काय काय आहे, ते एकदा कागदावर मांडून बघा. पगार कोण देणार? रविवारी तिच्या जागी कोण? तिला ताप आला तर? दिव्यांग हक्क कायद्यात (2016) केअरगिव्हरची व्याख्या आहे. त्यात घरचे लोकही येतात आणि पैसे घेऊन किंवा न घेता काळजी घेणारा कुणीही येतो. तुम्ही त्यातला 'न घेता' तेवढा उचलला आणि त्याला करिअर म्हणालात. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या वडिलांच्या पत्रात लग्नाचा शब्दही नाही, असं पत्र माझ्याकडे क्वचितच येतं. तिने लग्न करावंच असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण तो विषय तुमच्याकडून का गळला, हे तुम्हाला कळत असणार.

'बहीणच आहे, कसली लाज' या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. तिला नसेल हो, पण त्याला? अठ्ठावीस वर्षांचा पुरुष, बीए झालेला, रोज सकाळी धाकट्या बहिणीच्या हातून आंघोळ घालून घेतोय. त्याला काय वाटतं हे तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात कुठेच नाही. बोलणं अस्पष्ट असलं म्हणजे म्हणणं नसतं असं नाही. तो मोबाइल वापरतो, म्हणजे टाइप करत असेल. विचारा त्याला. बोलायला वेळ लागतो म्हणून मधेच वाक्य पुरं करू नका.

'बाळच आहे' हा समज केअरगिव्हरच्या कामाचा सगळ्यात मोठा शत्रू आहे, आणि तो तुमच्यापुरता नाही. मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोतून घरी आलेले मावशी-ब्रदरसुद्धा पन्नाशीच्या माणसाला 'चला, आता ममं करायचं' म्हणतात. प्रौढ दिव्यांग व्यक्तीकडे काम करणाऱ्याने आधी अहो-जाहो शिकावं, बाकीचं नंतर. शर्ट कुठला, चहा आधी की दात घासणं आधी, दार लावायचं की उघडं ठेवायचं, हे त्याने ठरवायचं आणि हात आपण लावायचा. शर्टाचं एक बटण त्याला स्वतः लावता येत असेल आणि त्याला पाच मिनिटं लागत असतील, तर पाच मिनिटं थांबायचं. थांबणं हाच निम्मा पगार आहे असं मी हे काम शिकणाऱ्या मुलांना सांगते. चार जणांना भराभरा उरकणारा माणूस या कामाला नालायक.

उचलण्याचंही तसंच. शिकलेला केअरगिव्हर माणसाला शक्यतो उचलत नाही. व्हीलचेअरचे ब्रेक लावायचे, फूटरेस्ट बाजूला करायचे, पलंगाशी खुर्ची तिरकी लावायची, कमरेला ट्रान्सफर बेल्ट (धरून सरकवायचा पट्टा), त्याचे पाय जमिनीला टेकलेले. मग मोजून, सावकाश सरकवायचं, आणि त्यानेही जमेल तेवढा जोर द्यायचा. सेरेब्रल पाल्सीत एकदम ओढलं तर स्नायू आणखी ताठरतात. तुमची मुलगी हे एकटीने, अंगाच्या जोरावर करत असेल तर तिशीआधी तिची कंबर जाईल, मग दोघांकडे कोण बघणार?

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाचं, म्हणजे 'आमच्यामागे काय' याचं. ते मुलीच्या कोर्सने सुटत नाही. सकाळच्या दोन तासांसाठी एक पुरुष मदतनीस ठेवा, पगारी. कराडात एवढी हॉस्पिटलं आहेत, तिथे काम केलेले वॉर्डबॉय घरची ड्युटी करतात. निवृत्तीच्या पैशांचा हिशेब करताना हा खर्च वीजबिलाच्या ओळीत धरा, दानधर्माच्या नाही. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. कमोड चेअरसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात सेरेब्रल पाल्सी येते. त्याच्या निरामय योजनेत 1 लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. कायदेशीर पालक नेमायचा झाला तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती ते बघते. पण तुमच्या मुलाला मुळात पालक लागतो का, हा प्रश्न आधी. पदवीधर माणूस बँकेचं खातं आणि स्वतःचे निर्णय थोड्या मदतीने सांभाळू शकत असेल, तर त्याच्यावर पालक बसवण्याची घाई कशाला?

आता तुला, ता. क. लिहिणारीला.

हो, खरं आहे. जपानच्या 'स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर' व्हिसात काळजीसेवेचं क्षेत्र आहे. जपानी भाषा एन4 म्हणजे प्राथमिक पातळीची, शिवाय कामाची आणि त्या कामापुरत्या भाषेची परीक्षा. काम बहुतेक वृद्धांच्या संस्थांमध्ये. एजंट नोंदणीकृत आहे का, हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघायचं. 30 हजार आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क त्याला घेता येत नाही. लाखांत बोलणाऱ्याकडे चहासुद्धा घेऊ नकोस.

इथेच राहून हे काम करायचं असेल तर 'होम हेल्थ एड'चं, म्हणजे घरी जाऊन रुग्णसेवा करण्याचं प्रशिक्षण आहे, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेचा समुदायाधारित समावेशक विकासाचा (वस्तीत जाऊन दिव्यांगांना मदत करायला शिकवणारा) सहा महिन्यांचा कोर्स. प्रवेशाआधी एकच प्रश्न विचार, प्रत्यक्ष माणसांबरोबर किती दिवस? ब्युरोत गेलीस तर घरचे किती देतात आणि तुझ्या हातात किती पडतात, हे दोन्ही आकडे माग. बारा तासांची ड्युटी की चोवीसची, रात्री झोपायची जागा कुठे, स्वयंपाक-धुणं अंगावर टाकणार का, हे पहिल्या दिवशी बोलून घ्यायचं. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात घरसुद्धा कामाची जागा धरलं आहे आणि जिल्ह्यात त्यासाठी स्थानिक समिती असते, हेही माहीत असू दे.

नीट, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, नर्सिंगची सीईटी हे रस्ते तुला ठाऊक आहेत. बारावीचं सायन्स वाया गेलेलं नाही. ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे रोजची कामं स्वतः जमावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचारांच्या शिक्षणाची चौकशी मात्र नक्की कर. इतकी वर्षं घरात जे केलंस, त्यामागचं शास्त्र तिथे आहे. यातलं काहीच नको असेल तर तेही चालेल, बीए पूर्ण कर. पुढचं पत्र तुझ्या नावाने पाठव.

आणि हे उत्तर बाबांच्या आधी दादाला वाचू दे. मोबाइल दिवसभर त्याच्याच हातात असतो ना.