‘लंबर’ला मराठीत काय म्हणावे? चिराण, इमारती लाकूड आणि घरचे वासे

प्रश्न असा आला आहे : “अमेरिकेतल्या घरबांधणीवरच्या एका पुस्तिकेचा मराठी अनुवाद करते आहे. एकाच परिच्छेदात ‘लॉग’, ‘टिंबर’ आणि ‘लंबर’ असे तीन शब्द येतात. कोशात तिन्हींपुढे ‘लाकूड’, नाहीतर ‘इमारती लाकूड’. पुढे ‘टू बाय फोर’ हे लाकडाचे माप आहेच. मराठीत यांना वेगवेगळे शब्द नाहीत का?”

आहेत, आणि त्यातला सगळ्यात नेमका शब्द आज रोज छापून येतो आहे. फक्त तो आपल्याला कोशात भेटलेला नाही. गडचिरोली-चंद्रपूरकडची वर्तमानपत्रे उघडा. वनविभागाने अवैध लाकूड पकडल्याच्या बातमीत ‘सागाचे लठ्ठे’ आणि ‘सागवान चिराण’ असे दोन शब्द वेगवेगळे लिहिलेले दिसतील. लठ्ठे म्हणजे गोल ओंडके, झाड तोडून फांद्या छाटलेले. चिराण म्हणजे ते आऱ्यावर चिरून निघालेला माल, म्हणजेच अमेरिकेतले ‘लंबर’. धुळे-नंदुरबारकडे याच अर्थाने ‘कटसाईज’ म्हणतात, तोही चालता शब्द आहे. पण चिराणात ‘चिरणे’ हे आपले क्रियापद स्पष्ट ऐकू येते, म्हणून माझा कौल चिराणाला.

क्रियापदांकडे जरा थांबून पाहावे असे आहे, कारण लाकडाच्या बाबतीत मराठी ती फार काटेकोरपणे वापरते. झाड तोडतात, फांदी छाटतात, सरपण फोडतात, ओंडका चिरतात, तुळई तासतात आणि फळीवर रंधा मारतात. यांची अदलाबदल केली की सुतार लगेच मान वर करून बघतो. चिरणे म्हणजे करवतीने लांबीच्या दिशेने कापणे. ही ‘करवत’ संस्कृत ‘करपत्र’ची लेक. यंत्रे यायच्या आधी एक माणूस वर आणि एक खाली उभा राहून ओंडका चिरत. तासणे मात्र वाकसाचे, म्हणजे आडव्या पात्याच्या हत्याराचे काम. म्हणून ‘तासीव’ लाकूड वेगळे आणि ‘चिरीव’ लाकूड वेगळे. ‘चिराण’ हा शब्द पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला अगदीच परका वाटेल अशी भीती असेल, तर पहिल्यांदा ‘चिराण, म्हणजे चिरीव लाकूड’ असे लिहून पुढे नुसते चिराण ठेवा. घडीव, कोरीव या ओळीत चिरीव सहज बसतो.

‘इमारती लाकूड’ हा शब्द मी का टाळतो? तो चुकीचा नाही, पण त्याचे काम निराळे आहे. त्याची जोडी आहे ‘जळाऊ लाकूड’. लाकूड कशासाठी वापरायचे, एवढेच तो सांगतो. ते गोल आहे की चिरलेले, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातली ‘टिंबर’ची व्याख्याही अशीच ऐसपैस आहे : पडलेली किंवा पाडलेली झाडे आणि सगळे लाकूड, मग ते कापलेले, घडवलेले, पोखरलेले असो वा नसो. तेव्हा ‘टिंबर’ला इमारती लाकूड म्हणा, ते बरोबर जुळते. वनविभागाच्या मराठीत याच्या जोडीला आणखी एक सुंदर शब्द आहे, ‘आडजात’. साग सोडून बाकी सगळ्या झाडांचे लाकूड ते आडजात. एका झाडाला एवढा मान की उरलेले सारे रान त्याच्या ‘आड’ गेले! साग हा संस्कृत ‘शाक’पासून आलेला, आणि इंग्रजांचा ‘टीक’ मल्याळममधल्या ‘तेक्कु’पासून पोर्तुगीजांमार्फत गेलेला. बल्लारशाच्या सागाची ख्याती अजून टिकून आहे, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये तिथूनच सागवान गेले.

गोल आणि चिरीव हा भेद आपल्याकडे जुना आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणारे लाकूड सांगताना ‘तख्ते, सोट, डोलाच्या काठ्या’ अशी विभागणी येते. तख्ता फारसी, म्हणजे फळी. सोट म्हणजे सरळ, अखंड बुंधा. लाकडाचे वर्गीकरण मराठीला अठराव्या शतकाच्या सुरुवातीला माहीत होते आणि ते राज्यकारभारात लिहिले जात होते.

मग ‘लंबर’सारखा एक सर्वसमावेशक शब्द वाडे बांधणाऱ्या इथल्या जुन्या सुताराला का लागला नाही? माझ्या मते उत्तर घरांच्या बांधणीत आहे. १८३० च्या दशकात शिकागोकडे घर बांधण्याची एक नवी रीत रूढ झाली. जाड खांब आणि खाचा-कुसवांचे सांधे सोडून द्यायचे, गिरणीत चिरलेल्या पातळ, एकसारख्या मापाच्या काड्या एकमेकींच्या जवळ उभ्या करायच्या आणि खिळ्यांनी जोडायच्या. यंत्रावर बनलेले स्वस्त खिळे आणि वाफेवरच्या आरागिरण्या यांमुळे ते जमले. तिथे प्रत्येक काडी दुसरीसारखी. भिंतीत गेली काय आणि छपरात गेली काय, विकत घेताना ती फक्त लंबर. आपल्या वाड्यात असे कधीच नव्हते. तिथे प्रत्येक लाकूड आपल्या जागेसाठी घडवलेले, म्हणून त्याला नावही जागेवरून. उथळ्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर, उभा तो खांब. खांबावरून खांबावर आडवी जाते ती तुळई. संस्कृत ‘तुला’चा तराजूखेरीज तुळई हाही अर्थ आहेच. दोन तुळयांमधली जागा तो खण, आणि घर किती मोठे ते खणांत मोजायचे. तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, असा कडीपाट. छपराच्या माथ्यावर आढे, आढ्यापासून खाली उतरतात ते वासे, वाशांवर रीपा, रीपांवर कौले. शनिवारवाड्याचे काम १७३० मध्ये सुरू झाले, त्याला जुन्नरकडचे सागवान आणले होते, असे सांगतात. १८२८ च्या आगीत ते लाकूडकाम गेले आणि दगडी जोते, तट उरले.

वासा हा शब्द तर मुळात झाडाचेच नाव आहे. संस्कृत ‘वंश’, म्हणजे वेळू. आधी छपराला बांबू घालत, पुढे लाकूड आले तरी नाव राहिले. उंबरठ्याचेही तसेच, संस्कृतात ‘उदुंबर’ म्हणजे उंबराचे झाड आणि उंबरठाही. आणि खुद्द ‘लाकूड’ आले ते ‘लकुट’पासून, म्हणजे सोटा. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ या वाक्प्रचारात तुळया किंवा खांब न येता वासेच का येतात, हे जुन्या कौलारू घरात जेवायला बसल्यावर कळते. कडीपाट नसलेल्या माजघरात मान वर केली की दिसतात ते वासे, आणि मोजण्याइतके तेच असतात. आता ‘घर फिरले की वासे फिरतात’ हेही पाहा. वासे काही पाया नव्हेत, ते घराच्या आधाराने असतात. घर कलले की तेही कलणारच. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लावलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. डोंगर कोरून केलेल्या त्या छताला त्यांच्या आधाराची काहीच गरज नव्हती. तरी लाकडी घराची सवय इतकी पक्की, की खडकालाही वासे हवेच होते. तिथे गेलात तर मान वर करून बघाच.

आता मापे. अमेरिकेत चिराणाचे जाडीवरून तीन वर्ग करतात : दोन इंचांहून पातळ त्या फळ्या, दोन ते पाच इंचांच्या आत ते मापाचे चिराण, आणि पाच इंच व त्यावर ते पुन्हा ‘टिंबर्स’! आपल्या पुस्तिकेत हे अनेकवचन आले, तर तिथे इमारती लाकूड न लिहिता ‘जाड चिराण’ लिहावे. ‘मापाचे चिराण’ ही माझी सूचना आहे, आजच्या बाजारात मिळणारा शब्द नव्हे. ‘टू बाय फोर’चा अनुवाद ‘दोन बाय चार इंची’ असा करून थांबू नका. वाळवून, रंधून झाल्यावर ते प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरते, वाचक दोन-चार धरून मापे घेईल आणि फसेल. ‘बोर्ड फूट’ म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड. असे बारा मिळून एक घनफूट.

घनफुटाचाही एक पेच आहे. आपल्याकडे गोल लाकूड मोजायची जुनी रीत पाव-गोलाईची. गोलाईचा, म्हणजे ओंडक्याच्या घेराचा, चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. ४८ इंच गोलाईचा, दहा फूट लांब ओंडका घेतला तर हिशेबात दहा घनफूट भरतो. भूमितीने तो साधारण १२.७ घनफूट असतो. चिरताना भुसा आणि कडांचे तुकडे वाया जाणार, हे त्या हिशेबात आधीच धरलेले आहे. म्हणून ओंडक्याचा घनफूट आणि चिराणाचा घनफूट एकाच तक्त्यात ठेवू नयेत.

‘सॉफ्टवुड’ला सरळ ‘मऊ लाकूड’ म्हणू नये. तो भेद झाडाच्या कुळाचा आहे, बोटाने दाबून कळणारा नव्हे. हाताला कापसासारखे वाटणारे बाल्सा त्या वर्गवारीत ‘हार्डवुड’ ठरते. सूचिपर्णी आणि रुंदपर्णी हे शब्द इथे नीट काम करतात. आणि पाइनला ‘देवदार’ म्हणायचा मोह आवरा. आपल्याकडे ‘देवदारी खोकी’ म्हणायची रीत असली, तरी खरा देवदार हिमालयातला, निराळाच वृक्ष.

शेवटी एक सापळा, जो आपल्या पुस्तिकेत नसला तरी पुढच्या अनुवादात भेटेल. ब्रिटिश इंग्रजीत ‘लंबर’चा जुना अर्थ निरुपयोगी, जड सामान. अमेरिकेत गेल्यावर सतराव्या शतकात तो चिराणाकडे वळला. त्यामुळे इंग्लंडमधल्या कथेत कुणी ‘लंबर रूम’मध्ये लपले, तर ते लाकडाच्या वखारीत नसून अडगळीच्या खोलीत आहे.

आपल्या परिच्छेदातल्या ‘लॉग’, ‘लंबर’ आणि ‘टिंबर’पुरते सांगायचे तर असे लिहीन : “ओंडके गिरणीत येतात, तिथे त्यांचे चिराण होते. इमारती लाकडाचा दर्जा ठरतो तो त्यानंतर.”