शाळेत ग्रंथपाल व्हायचं असेल तर पदव्युत्तर अभ्यासक्रमात कशावर भर द्यावा?

तुमचा प्रश्न असा आहे की ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालाय, काम शाळेतच करायचंय, तर ऐच्छिक विषय आणि प्रात्यक्षिक कोणतं घ्यावं?

शिकवण्याशी संबंधित जे मिळेल ते आधी घ्या, असंच मी सांगेन. वर्गीकरण, तालिकीकरण (पुस्तकांची सूची करणं), संदर्भसेवा हे सगळ्यांनाच असतं. शाळेच्या ग्रंथपालाला मात्र वर्गापुढे उभं राहावं लागतं आणि नेमकी तीच तयारी राहून जाते.

माहिती साक्षरतेचा, म्हणजे हवी ती माहिती शोधून, पारखून वापरण्याचा, पेपर असेल तर सोडू नका. त्यात ग्रंथालयशास्त्राच्या अमेरिकी अभ्यासक कॅरल कूल्थाऊ यांनी मांडलेले माहितीशोधाचे सहा टप्पे नीट समजून घ्या: काम हाती घेणं, विषय निवडणं, चाचपणी, नेमका मुद्दा ठरवणं, माहिती गोळा करणं आणि मांडणी. मुलं सर्वांत जास्त गोंधळतात ती चाचपणीच्या टप्प्यावर, कारण एका पुस्तकातलं दुसऱ्याशी जुळत नाही. आपण मात्र थेट पाचव्या टप्प्यावर जाऊन पुस्तकांची चळत काढून देतो. मुद्दाच ठरलेला नसतो, त्यामुळे मूल हाती आलेल्या पहिल्या पुस्तकातले परिच्छेद उतरवून काढतं. म्हणून शिक्षकांनी प्रकल्प देण्याआधीच त्यांच्याबरोबर बसून पाठाचं टाचण करायला शिका. ४० मिनिटांचा तास असेल तर १० मिनिटं तुम्ही शोधून दाखवा, २५ मिनिटं मुलांना स्वतः शोधू द्या आणि उरलेल्या ५ मिनिटांत प्रत्येकाकडून आपला प्रश्न एका वाक्यात लिहून घ्या. त्या चिठ्ठ्या वाचल्या की कोण कुठे अडकलंय ते लगेच कळतं.

वर्गीकरणात पूर्ण वर्गांक, म्हणजे पुस्तकाच्या विषयाचा क्रमांक, बांधायला शिकवतात. शाळेत तो कुठे तोडायचा हेही कळावं लागतं. विषयांना अंक देणाऱ्या ड्युई दशमान पद्धतीत फुटबॉल ७९६.३३४ आणि क्रिकेट ७९६.३५८. खेळांची दहाच पुस्तकं असतील तर सगळ्यांवर ७९६ टाकलेलं चालतं. ती वाढली की फुटबॉलचं पुस्तक शोधणारं मूल अख्खा कप्पा उपसतं. ७९६.३ वर तोडूनही उपयोग नाही, कारण ते दोन्ही चेंडूचेच खेळ. ७९६.३३ आणि ७९६.३५ इथे ते वेगळे होतात. कोणता अंक कुठे तोडला हे वहीत लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या खेपेला तेच पुस्तक दुसरीकडे जातं.

जुनी पुस्तकं बाद करणं हा भाग अभ्यासक्रमात चटकन उरकला जातो, पण शाळेत त्याला फार महत्त्व आहे. प्लुटोला ग्रहांच्या यादीतून २००६ साली काढलं. त्याआधीचं ‘नऊ ग्रह’ सांगणारं पुस्तक दिसायला नवंकोरं असलं तरी मुलाला चुकीचंच शिकवतं. निर्णय घेताना प्रकाशनाचं वर्ष, शेवटची देवघेव आणि मजकुराची अवस्था ही तिन्ही एकत्र पाहा. नुसत्या देवघेवीच्या नोंदीवर विसंबलात तर ग्रंथालयातच बसून वाचली जाणारी पुस्तकं हकनाक बाद होतात. अशी पुस्तकं टेबलावरून उचलून परत लावताना आतल्या चिठ्ठीवर एक खूण करत जा. बाद केलेल्या पुस्तकाची नोंद दाखल नोंदवहीत (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिथे नोंदतात ती वही) तारखेसह करा आणि त्याचा दाखल क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला कधीही देऊ नका.

आता प्रात्यक्षिक. देवघेवीच्या टेबलावर बसवून ठेवणारं प्रात्यक्षिक आठवडाभरात शिकून संपतं. मार्गदर्शकांकडे दोन कामं स्वतःहून मागा. एक म्हणजे एका इयत्तेचा एक घटक, टाचणापासून मुलांचं काम तपासण्यापर्यंत. दुसरं म्हणजे ड्युईच्या एका वर्गाची, समजा ५०० ते ५९९ म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकांची, संपूर्ण छाननी. आणि तारखा ठरवताना शाळेचं वेळापत्रक आधी बघा. परीक्षेच्या आठवड्यांत गेलात तर ग्रंथालय रिकामं असतं आणि शिक्षकांना बोलायला सवड नसते.